सात वॅटची केबल, पाच डॉलरची टोपी आणि फटीतला वारा: पाइप गोठू नये म्हणून काय घ्यावं, काय टाळावं

ऑक्टोबर सरत आला की न्यू जर्सीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत प्लंबिंगच्या रांगेच्या तोंडाशीच एक मांडणी उभी राहते. पाइपवर चढवायच्या करड्या फोमच्या नळ्या, बाहेरच्या नळाला घालायच्या थर्माकोलसारख्या टोप्या आणि खोक्यात गुंडाळून ठेवलेली, विजेवर तापणारी केबल. किंमत दोन-तीन डॉलरपासून चाळीसच्या आसपास. खोकं कुठलंही असो, त्यावर बर्फाचं चित्र आणि तेच आश्वासन. या तिन्ही वस्तूंची कामं मात्र अगदी वेगळी आहेत. आणि यांच्याआधी जी घ्यायला हवी ती चौथी वस्तू या मांडणीत नसतेच. ती दोन रांगा पलीकडे, फटी बुजवायच्या फोमच्या डब्यांपाशी मिळते.

हा आढावा मध्य न्यू जर्सीतलं नेहमीचं दोन मजली टाउनहाउस डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. पाइप अर्ध्या इंची, तांब्याचे किंवा पेक्सचे (लवचिक प्लास्टिकचे). गराजच्या डोक्यावर बेडरूम नाहीतर बाथरूम, सिंक बाहेरच्या भिंतीला लागून, मागच्या अंगणात बागेचा एक नळ. टेक्सासमधल्या घरांची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येईल.

पाइप फुटतो कसा

गोठताना पाणी सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. पण बर्फाने आतून रेटा दिला म्हणून पाइप तिथेच फाटला, असं बहुतेक वेळा होत नाही. आधी एका जागी बर्फाचं बूच तयार होतं. ते वाढत जातं आणि पुढे, म्हणजे बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये, अडकलेल्या पाण्यावर दाब चढत जातो. त्या पाण्याला मागे सरकायला वाट नसते. मग सगळ्यांत कच्ची जागा सुटते. ती बुचापासून सहा फूट लांब, उबदार भिंतीत असू शकते. म्हणूनच फुटलेल्या जागी बर्फ सापडत नाही आणि चुकीच्या जागेवर वेष्टन चढवलं जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी ३२ अंश फॅरनहाइटला लगेच गोठत नाही. पाइपमधलं स्थिर पाणी त्याच्याही खाली काही अंश उतरतं आणि मग एकदम त्यात बर्फाची जाळी धरते. इलिनॉय विद्यापीठात १९९०च्या दशकात झालेल्या प्रयोगांतून बाहेरच्या हवेसाठी २० अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे ६.७ सेल्सिअस, ही सावधतेची रेषा ठरली. हवामानाच्या ॲपवर रात्रीचं किमान तापमान विशीच्या खाली दिसलं की कामाला लागायचं. मात्र ही रेषा वारा नसलेल्या जागेसाठी आहे. फटीतून सरळ पाइपवर झोत येत असेल तर तिच्यावर विसंबू नये.

तापणारी केबल: इझी हीट एएचबी

स्थिर वॅटच्या केबलींत हे नाव दुकानात सहज सापडतं. १२० व्होल्टवर दर फुटाला ७ वॅट, असा सरळ हिशेब आहे. ३ फुटी केबल २१ वॅटची, ६ फुटी ४२ची, ९ फुटी ६३ची, १२ फुटी ८४ची. त्यापुढे १८, २४ आणि ३० फुटीही मिळते. थर्मोस्टॅट केबलीतच बसवलेला असतो आणि पाइप ३८ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरला की तो केबल सुरू करतो. ३८ म्हणजे ३.३ सेल्सिअस. निफाडला पारा जिथे आला की आपल्याकडे वर्तमानपत्रात बातमी येते, जवळपास तिथेच ही केबल जागी होते.

ही केबल कापता येत नाही. आतली तार ठरावीक लांबीची आणि ठरावीक रोधाची असते. ती तोडली की केबल मेली, आणि तोडून पुन्हा जोडली तर धोकादायक. त्यामुळे विकत घेण्याआधी पाइप फितीने मोजा. वाटेत व्हॉल्व्ह असेल तर त्यासाठी फूटभर जास्त धरा, कारण व्हॉल्व्हचं पितळ जास्त उष्णता ओढतं. साडेसात फूट पाइपला ९ फुटी केबल घेतली तर उरलेला दीड फूट कुठेतरी मुरवावा लागतो. तो गुंडाळी करून एका जागी बांधणं ही सगळ्यांत सामान्य चूक आणि सगळ्यांत वाईटही. स्थिर वॅटची केबल स्वतःवरून गेली की त्या जागी उष्णता दुप्पट होते, ती बाहेर पडायला वाट नसते आणि वेष्टनाखाली प्लास्टिक वितळायला लागतं. उरलेली लांबी पाइपवरच सैल नागमोडी वळणांनी न्यायची. दोन वळणं एकमेकांना टेकता कामा नयेत.

आता ७ वॅट पुरतात का? अंदाजी हिशेब मांडून बघू. अर्ध्या इंची तांब्याच्या पाइपचा बाहेरचा व्यास ५/८ इंच. बाहेर शून्य फॅरनहाइट, पाइप ३२ला धरून ठेवायचा. अर्धा इंच जाडीचं वेष्टन असेल तर दर फुटाला साधारण सव्वा वॅट उष्णता बाहेर जाते. पाइप उघडा असेल आणि त्यावर मंद वारा येत असेल तर हाच आकडा पाच-साडेपाच वॅटवर जातो. म्हणजे वेष्टन असेल तर केबलीला पाचव्या भागापेक्षाही कमी काम पडतं आणि थर्मोस्टॅट तिला बराच वेळ झोपवून ठेवतो. वेष्टन नसेल तर ती रात्रभर जेमतेम तग धरते आणि वारा वाढला की हरते. केबल लावली आणि वेष्टन सोडलं, अशा घरात पाइप गोठला तर केबलीला दोष देऊ नये.

बसवण्याचा क्रम साधा आहे, पण त्यात एकही पायरी गाळण्यासारखी नाही. जुनं वेष्टन पूर्ण काढायचं, पाइप पुसून कोरडा करायचा, सोल्डरचा टोकदार ओघळ असेल तर तो घासून घ्यायचा. आडव्या पाइपला केबल खालच्या अंगाने लावायची. थर्मोस्टॅटचा गड्डा पाइपला चपटा टेकला पाहिजे आणि तोही सगळ्यांत गार टोकाला, म्हणजे भिंत जिथे बाहेरच्या हवेला लागते तिथे. तो उबदार टोकाला राहिला तर पाइपचं दुसरं टोक गोठेल आणि थर्मोस्टॅट आरामात बसून राहील. हा गड्डा काही केबलींत प्लगजवळ असतो, काहींत दुसऱ्या टोकाला. तेव्हा आपलं आउटलेट कुठे आहे ते पाहूनच निवड करा. केबल दर सहा इंचांवर तिच्यासोबतच्या पत्रकात सांगितलेल्या टेपने पक्की करायची. मग अर्धा इंची फायबरग्लासचा एकच थर आणि त्यावर पाणी न शिरणारं प्लास्टिकचं आवरण. दुसरा थर चढवायचा मोह आवरा. केबलीला स्वतःची उष्णताही बाहेर टाकता आली पाहिजे. साधा फोम वापरायचा तर तो त्या केबलीला चालतो, असं पत्रकात लिहिलेलं हवं.

प्लग फक्त जीएफसीआय आउटलेटमध्ये, म्हणजे विजेची गळती झाली की आपोआप वीज तोडणाऱ्या आउटलेटमध्ये. एक्स्टेन्शन कॉर्ड अजिबात नाही. आणि वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे पाइपवर धरलेला दमट ओलावा वायरवरून ओघळत आउटलेटपर्यंत जाणार नाही. गराजमध्ये आउटलेट नसेल तर इलेक्ट्रिशियनचा खर्च केबलीच्या किमतीच्या कित्येक पट होतो. तो धरून मग ठरवा केबल घ्यायची की नाही.

लावण्याआधी केबल तपासता येते, आणि ही तपासणी जवळजवळ कुणीच करत नाही. केबल पूर्ण उलगडून जमिनीवर पसरा. गुंडाळी तशीच ठेवून वीज देऊ नका. थर्मोस्टॅटच्या गड्ड्याला बर्फाची पिशवी दहा-पंधरा मिनिटं लावून ठेवा आणि मध्ये किल-अ-वॉटसारखा वीजमापक जोडा. ६ फुटी केबलीने चाळीस वॅटच्या आसपास आकडा दाखवला की ती शाबूत. शून्यच राहिला तर आधी बर्फ नीट टेकला आहे ना ते पाहा. तरीही शून्य असेल तर केबल परत करा. पुढच्या वर्षी थंडीच्या आधी हेच पुन्हा करायचं. फक्त तेव्हा केबल पाइपवरच असेल, म्हणून थर्मोस्टॅटपाशी वेष्टनाला उघडता येईल असा तुकडा ठेवलेला बरा.

विजेचं बिल ही भीती उगाच आहे. १२ फुटी केबल अख्खा दिवस अखंड चालली तरी दोन युनिट होतात. युनिटला १८ सेंट धरले तर ३६ सेंट.

खरी भीती आगीची. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने पाइपच्या तापत्या पट्ट्यांमुळे वर्षाला अंदाजे २,००० आगी लागतात, असा इशारा पूर्वीच दिलेला आहे. कारणं तीच ती: एकमेकांवर आलेली केबल, ज्वालाग्राही वेष्टन, चिरलेलं आवरण, उंदरांनी कुरतडलेली वायर, अर्थिंगची गळती ओळखणारं संरक्षण नसणं. खोक्यावर यूएलचं (वस्तूंची सुरक्षा तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेचं) चिन्ह आणि घरगुती पाइपच्या केबलींसाठी असलेल्या यूएल २०४९ या मानकाचा उल्लेख आहे का ते बघा. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या, वीस भाषांत सूचना छापलेल्या केबलींवर हे दोन्ही नसेल तर त्या फुकट मिळाल्या तरी घेऊ नका. आवरण कडक झालेलं किंवा रंग उडालेलं दिसलं की केबल बदला. ही वस्तू घराच्या आयुष्यभर टिकणारी नाही.

पेक्सच्या पाइपवर लावायची तर पत्रकात पेक्सचं नाव स्पष्ट असलं पाहिजे. 'प्लास्टिक पाइप' एवढ्यावर भागत नाही. पाइपमध्ये पाणी भरलेलं हवं. तांबं उष्णता पसरवतं, प्लास्टिक पसरवत नाही, म्हणून प्लास्टिकवर केबलीखाली किंवा वरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावायची पद्धत आहे. फोनच्या टॉर्चने लेबल वाचण्यात दोन मिनिटं जातात, ती जाऊ द्या.

निकाल असा: दोन-चार फूट उघडा पाइप, जवळच जीएफसीआय आउटलेट आणि पाइपपर्यंत पोचायला जागा, अशी परिस्थिती असेल तर एएचबी पैसे वसूल करते. भिंतीच्या आत, ड्रायवॉलमागे, जिथे पुन्हा कधी नजर जाणार नाही अशा ठिकाणी ती घालायचीच नाही.

स्वतःला आवरणारी केबल

दोन समांतर तारा आणि त्यांच्यामध्ये कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकचा गाभा, अशी हिची रचना. गाभा गार असला की कार्बनचे कण एकमेकांना लागून असतात आणि वीज जोरात वाहते. तापला की प्लास्टिक फुगतं, कण दुरावतात आणि वीज आपोआप कमी होते. हे प्रत्येक इंचावर वेगवेगळं घडतं. एका टोकाला भिंतीतून वारा येत असेल तर तिथला इंच जास्त तापतो, उबदार टोकाचा कमी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रेकेम कंपनीने हे तंत्र आणलं. मुळात ते कारखान्यांतल्या वाहिन्यांसाठी होतं.

घरासाठी हिचा फायदा म्हणजे ती स्वतःवरून गेली तरी स्थिर वॅटच्या केबलीइतका धोका होत नाही आणि वाकड्यातिकड्या व्हॉल्व्हभोवती नीट बसते. रिळावर मिळते ती हव्या त्या लांबीला कापता येते, पण टोकं बंद करायचा संच वेगळा घ्यावा लागतो आणि ते काम इलेक्ट्रिशियनचं. प्लग लावून तयार मिळते ती कापायची नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

तोटा किमतीचा आहे, आणि दुसरा सहज लक्षात न येणारा. हिला बहुधा स्वतंत्र थर्मोस्टॅट नसतो. वीज कमी होते, पण थांबत नाही. जुलैमध्येही ती थोडी वीज खातच असते. एप्रिलमध्ये प्लग काढायचा आणि नोव्हेंबरात पुन्हा लावायचा, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. थर्मोस्टॅटचा जोड आउटलेट १५-२० डॉलरला मिळतो. तो घेतला तर ही कटकट राहत नाही, फक्त तो जीएफसीआयवरच लावा.

व्हॉल्व्ह, कोपरे आणि मीटरची गुंतागुंत असलेल्या जागी ही केबल एएचबीपेक्षा सरस. सरळ सहा फूट पाइपला एवढे पैसे घालायची गरज नाही.

फोमची नळी

दोन-तीन डॉलरला सहा फूट. यात उगाच शंका घेण्यासारखं काही नाही, पण अपेक्षा योग्य ठेवायला हवी. फोम उष्णता तयार करत नाही, फक्त वेळ विकत घेऊन देतो. अर्ध्या इंची पाइपच्या एका फुटात साधारण ४५ मिलिलिटर पाणी असतं. शून्य फॅरनहाइटच्या मंद वाऱ्यात उघड्या पाइपातलं हे पाणी शून्य सेल्सिअसला पोचल्यानंतर पाऊण तासात पूर्ण बर्फ होतं. अर्धा इंची फोम असेल तर सव्वातीन-साडेतीन तास लागतात. दर दोन तासांनी कुणीतरी नळ सोडत असेल तर हा फरक घर वाचवतो. रात्री अकरा ते सकाळी सात कुणी नळाला हात लावला नाही तर फोम असूनही पाइप गोठतो. म्हणून गराजमधल्या पाइपला नुसता फोम चढवून झोपी जाणं चुकीचं. उबदार बेसमेंटमधल्या पाइपला मात्र तेवढा पुरे.

खरेदीतला घोळ मापाचा होतो. 'अर्धा इंच' हे पाइपचं नाव आहे, माप नव्हे. तांब्याचा आणि पेक्सचा अर्धा इंची पाइप बाहेरून ५/८ इंच असतो, तर लोखंडी अर्धा इंची ०.८४ इंच. पाऊण इंची तांब्याचा ७/८. त्यामुळे पाऊण इंची तांब्यासाठी लिहिलेली नळी अर्ध्या इंची लोखंडी पाइपला नेमकी बसते आणि अर्ध्या इंची तांब्यावर सैल झुलते. सैल नळीच्या पोकळीतून हवा फिरते आणि अर्धा फायदा तिथेच जातो. लेबलवर तांबं आणि लोखंड असे दोन रकाने असतात, तेच वाचायचे.

नळीची चीर खाली वळवून चिकटवायची. काही नळ्यांच्या चिरेला आतून गोंद लावलेला असतो, तरी वरून टेपची एक पट्टी हवीच, कारण गोंद थंडीत सुटतो. कोपऱ्यावर ४५ अंशांत तिरपे काप घेऊन तुकडे जुळवायचे. दोन नळ्यांच्या मध्ये दोन इंच उघडे राहिले तर बूच नेमकं त्या दोन इंचांत धरतं.

अंगणातला नळ

टोपी पाच डॉलरची. आत प्लास्टिकचा फास आणि भोवती कडक फोमचा कप. ती नळाच्या तोंडाभोवती हवेचा कप्पा करते आणि घराच्या भिंतीतून जी थोडी उष्णता झिरपते ती अडवून ठेवते. साध्या नळावर सौम्य थंडीत थोडा उपयोग होतो. भिंतीशी कडा घट्ट टेकलेल्या नसतील, विटांचे खाचखळगे असतील तर वारा आत शिरतो आणि मग टोपी नुसती शोभेची.

याहून फार चांगला उपाय फुकट आहे. बाहेरच्या नळाला जाणाऱ्या पाइपवर घराच्या आत बहुधा एक वेगळा व्हॉल्व्ह असतो, बेसमेंटमध्ये नाहीतर सिंकखाली. त्याच्या अंगाला लहानसं पितळी टोपण असतं. व्हॉल्व्ह बंद करा, बाहेर जाऊन नळ पूर्ण उघडा, आत येऊन टोपणाखाली वाटी धरा आणि टोपण सैल करा. अर्धा कप पाणी पडेल. पडायचं थांबलं की टोपण पुन्हा घट्ट करा आणि बाहेरचा नळ हिवाळाभर उघडाच ठेवा. टोपण न उघडता नुसता व्हॉल्व्ह बंद केला तर पाण्याचा स्तंभ पाइपात लटकून राहतो. स्ट्रॉचं वरचं तोंड बोटाने दाबून ती उचलल्यावर पाणी अडून राहतं, तसंच.

नवीन घरांत न गोठणारा नळ असतो. दांडा आठ ते बारा इंच लांब, आणि पाणी अडवणारी गादी भिंतीच्या आत उबदार बाजूला. नळ बंद केल्यावर पुढच्या दांड्यातलं पाणी बाहेर निथळून जातं. उत्तम वस्तू आहे, दोन अटींवर. नळ बाहेरच्या बाजूला किंचित उतरता बसवलेला असावा आणि थंडीत त्याला होज (झाडांना पाणी घालायची लांब नळी) जोडलेला नसावा. होज तसाच राहिला तर पाणी निथळत नाही, दांडा भिंतीच्या आत उभा चिरतो आणि ते हिवाळाभर कळतही नाही, कारण गादी बंद असते. एप्रिलमध्ये झाडांना पाणी घालायला नळ उघडला की बेसमेंटच्या छतातून धार लागते. 'न गोठणारा' हे नाव वाचून लोक होज काढत नाहीत, आणि या नळांचा शत्रू नेमका तोच होज.

आधी फट

आता ती चौथी वस्तू. फटी बुजवायच्या फोमचा सहा-सात डॉलरचा डबा. पाइप ज्या भोकातून भिंतीत शिरतो ते भोक पाइपपेक्षा मोठं असतं. केबलीची, गॅसच्या नळीची, ड्रायरच्या तोंडाची भोकंही तशीच. जानेवारीत त्यातून येणारा झोत थेट पाइपवर पडतो आणि वर काढलेला पाच-साडेपाच वॅटचा आकडा त्या झोताचाच आहे. केबल लावून फट तशीच ठेवायची म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. वाऱ्याच्या दिवशी सिंकखालचं कपाट उघडा आणि उदबत्ती भिंतीच्या कडेने फिरवा. धूर जिथे आडवा होतो तिथे फट. गॅसची नळी शेजारी असेल तर उदबत्ती नको, हाताच्या मागच्या बाजूने गारवा तपासा. चिमणी किंवा वॉटर हीटरच्या धुराड्याभोवती हा फोम वापरायचा नाही. तिथे उष्णतेला टिकणारी वेगळी लुकण लागते.

गराजच्या वरच्या बाथरूमला बरेच जण पहिल्यांदा केबलच घेतात. तिथे गराजच्या छतातल्या फटी आणि दाराखालचा रबर पाहिल्याशिवाय एक डॉलरही खर्चू नये.

नळाची धार आणि कपाटाची दारं

धार सोडण्याचा उद्देश लोक उलटा समजतात. वाहतं पाणी गोठत नाही म्हणून नव्हे. बारीक धार असेल तर बूच धरलं तरी पुढचा दाब नळातून सुटतो आणि पाइप फुटत नाही, हा खरा फायदा. म्हणून धार त्या नळाची सोडायची ज्याचा पाइप धोक्यात आहे, आणि गरम-गार दोन्ही बाजूंची. एकाच दांड्याच्या नळाला दांडा मधोमध ठेवावा लागतो. गरम पाण्याचा पाइपही गोठतो, याचा विसर पडतो. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवली तर घरातली ऊब आत जाते. तिथे ठेवलेली साफसफाईची रसायनं मात्र आधी मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

डिसेंबरात भारतात जाताना

मुलांच्या सुट्टीत तीन-चार आठवडे घर रिकामं राहणार असेल तर वरची एकही वस्तू पुरेशी नाही. रिकाम्या घरात फुटलेला पाइप मिनिटाला कित्येक लिटर पाणी ओतत राहतो, आणि तुम्ही ठाण्यात असता. बहुतेक गृहविमा पॉलिसींत रिकाम्या घरात पाइप गोठून झालेल्या नुकसानीला अट असते: एकतर घर तापतं ठेवण्याची वाजवी काळजी घेतलेली हवी, नाहीतर पाणी बंद करून वाहिन्या रिकाम्या केलेल्या हव्यात. आपल्या पॉलिसीतली ती ओळ तिकीट काढण्याआधी वाचा. दोन्ही केलेलं सगळ्यांत उत्तम.

हीटिंग ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली नको. गराजवर बाथरूम असेल तर ६० ठेवा. मेन व्हॉल्व्ह बंद करा. त्याची दांडी पाव वळणाची असेल तर सोपं. गोल चाक असेल आणि वर्षानुवर्षं फिरवलेलं नसेल तर जाण्याच्या आदल्या रात्री जोर लावू नका, महिनाभर आधी प्लंबरकडून बदलून घ्या. मग सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा नळ उघडून पाणी उतरू द्या, टॉयलेट एकदा फ्लश करा. वॉटर हीटरला सुट्टीची खूण असते, तिथे ठेवा. टाकीही रिकामी करणार असाल तर हीटर आधी पूर्ण बंद. विजेचा असेल तर कोरड्या टाकीत त्याचा पाणी तापवणारा दांडा जळतो.

दोन अपवाद नीट लक्षात ठेवा. घरात आगीसाठी स्प्रिंकलर असतील तर त्यांची वाहिनी बंद करायची नाही. आणि घर गरम पाण्याच्या बेसबोर्डवर (भिंतीच्या तळाशी बसवलेल्या, गरम पाणी फिरणाऱ्या हीटरवर) तापत असेल तर बॉयलरला जाणारं पाणी मेन व्हॉल्व्हबरोबर बंद होतं का, हे आधी तंत्रज्ञाला विचारा. त्या घरात बॉयलरचा फाटा सोडून पुढचा व्हॉल्व्ह बंद करणं बरं.

मेनवर बसवायचा, गळती ओळखून आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह पाचशे डॉलरच्या घरात पडतो, प्लंबर वेगळा. तो गोठणं थांबवत नाही, नुकसान आवरतो. वर्षातून दोनदा घर रिकामं राहत असेल तर घ्यावा. नाहीतर शेजाऱ्याकडे किल्ली आणि सिंकखाली वीस डॉलरचा तापमान सेन्सर, एवढ्यावर भागतं.

टेक्सास

डॅलस, ह्यूस्टनकडे पाणी पोटमाळ्यातून जातं आणि तिथे घर तापवणारी हवा पोचत नाही. फेब्रुवारी २०२१च्या वादळात डॅलस-फोर्ट वर्थला पारा उणे २ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे १९ सेल्सिअसपर्यंत गेला. त्याच वेळी लाखो घरांची वीज गेलेली होती. विजेवरची कुठलीही केबल अशा वेळी नुसती दोरी. तिथल्या घराला पोटमाळ्यातलं वेष्टन पाइपच्या वरून हवं, पाइप आणि छताच्या मध्ये नको. छतातून झिरपणारी ऊब पाइपला मिळाली पाहिजे. आणि वीज गेली की तासाभरात मेन बंद करून वाहिन्या रिकाम्या करणं, हाच तिथला मुख्य उपाय. मेन व्हॉल्व्ह रस्त्याकडेच्या मीटरपाशी असेल तर त्याची लांब किल्ली दहा-पंधरा डॉलरला मिळते. ती ऑक्टोबरातच आणून ठेवायची. वादळाच्या आदल्या दिवशी दुकानात ती मिळत नाही.

गोठलाच तर

नळ उघडा ठेवा. हेअर ड्रायर नळाच्या टोकाकडून बुचाकडे न्या, उलट नको. मधोमध तापवलं तर वितळलेलं पाणी दोन बुचांमध्ये अडकतं. पाणी सांडलेल्या जागी उभं राहून विजेचं उपकरण धरू नका. प्लंबिंगची ज्योत भिंतीजवळ कधीही नाही. पाणी परत सुरू झालं की अर्धा तास त्या भिंतीपाशी आणि खालच्या छतापाशी थांबून बघा, कारण चीर पडली असेल तर ती बर्फ वितळल्यावरच बोलते.